टेम्पोच्या पाठीवरचा बी. ए.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि ती पदवी टेम्पोच्या मागे रंगवून घेणाराही मीच पहिला. यातली पहिली गोष्ट आई अजूनही भेटेल त्याला सांगते. दुसरी तिला सांगावी लागत नाही, लोकांना आधीच माहीत असते.

बाबा चौथी शिकलेले. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे चिऱ्यांचे ट्रक चालवले. खाणीवर जांभ्याचे चिरे भरायचे आणि ज्याचं घर उभं राहतंय त्याच्या दारात नेऊन उतरवायचे. अर्ध्या तालुक्याच्या भिंती बाबांनी वाहून नेल्या, तेव्हा कुठे माझं कॉलेज पुरं झालं. त्यांनी मागच्या वर्षी स्वतःचा, जुना का होईना, टेम्पो दारात आणला तेव्हा माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आईनं नारळ फोडला. बाबांनी बोनेटवर हात फिरवला आणि म्हणाले,

"प्रमोद, पाठी काय लिवायचा ता तू ठरव. तू शिकलेला."

माणसानं कृतज्ञ असावं, पण अशा वेळी "नको" म्हणण्याइतकं शहाणंही असावं. मी "बरं" म्हणालो.

आता आमच्या रस्त्यांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गाडी विकत घेताना आधी हॉर्न वाजवून बघतो. ब्रेक नंतर बघतो, वेळ उरला तर. सिग्नल लाल असतो तेव्हा लोक सिग्नलला हॉर्न देतात. फाटक बंद असलं तर फाटकाला. पुढे प्रेतयात्रा असली तर जरा हळू आवाजात, पण देतातच! एका गृहस्थांना तर मी बंद दुकानासमोर उभे राहून हॉर्न वाजवताना पाहिलंय. दुकानदार गावाला गेला होता. गृहस्थ वाजवत होते.

आणि गाड्यांच्या पाठी! दोन्ही दिवे फुटलेल्या ट्रकवर गुलाबाच्या वेलबुट्टीत "पुन्हा भेटू". (आपण मागून धडकलो की लगेच भेट होतेच.) वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या डंपरवर "सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहतंय". एका टेम्पोमागे गरुड होता, तो अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा दिसायचा. आणि सगळ्यांच्या मधोमध, फुलं काढलेलं, "हॉर्न ओके प्लीज". म्हणजे आधीच वाजवणाऱ्या माणसाला वर आणि विनंती!

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला आहे. तिथे भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी आहे आणि पोरं खरोखर शांतता राखतात. त्यामुळे पाटी लिहिली की माणसं सुधारतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. (पोरं पाटीला भीत नव्हती, पाटीखाली बसणाऱ्या ग्रंथपाल बाईंना भीत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

दोन रात्री जागून मी मजकूर तयार केला आणि मिरजोळ्याला इकबालभाई पेंटरांकडे गेलो. इकबालभाईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"भाऊ, ह्यो अर्ज कुनाला द्यायचाय?"

"अर्ज नाही. टेम्पोमागे लिहायचंय."

"येवडा?"

"समाजप्रबोधन आहे, इकबालभाई."

"ता असूंदे. पन गाडीच्या पाठी निबंध नाय लिवत कोनी. वाचनाऱ्याला ब्रेकपन मारायचा असतो."

मी हसलो. शिकलेली माणसं हसतात तसं हसलो. इकबालभाईंनी खांदे उडवले आणि तीन दिवसांत टेम्पोच्या पाठीवर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत हे उतरलं:

"सुज्ञ वाहनचालक बंधू-भगिनींनो, विनाकारण हॉर्न वाजवणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे. आवाजाने नव्हे, विचाराने पुढे जा. आमचे आरशात लक्ष आहे. संयम ठेवा, मार्ग दिला जाईल. आपला नम्र, प्रमोद (बी. ए.)." त्याखाली आमच्या गावाचं नाव.

एवढ्यात फळी संपली. "सुरक्षित अंतर ठेवा" राहून गेलं होतं. ते इकबालभाईंनी अगदी तळाला, नंबरप्लेटच्या वर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत बसवलं.

बाबांनी टेम्पोमागे उभं राहून तो मजकूर बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचला. सात-आठ मिनिटं लागली. मग म्हणाले, "झ्याक!" आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

त्याच आठवड्यात माझं स्थळ ठरायला निघालं. म्हणजे पाचवं. आधीची चार फोटोवरच परत गेली होती. आमच्याकडच्या मुलांची लग्नं कशी रखडलीत ते वेगळं सांगायला नको. मुलगी म्हणते शहरात फ्लॅट हवा, आणि मुलगा म्हणतो माझी हापूसची सात कलमं आहेत. मी एकतीस वर्षांचा झालो होतो. आई तर देवळात गेली की स्वतःसाठी काही मागेनाशी झाली होती.

स्थळ राजापूरकडच्या एका गावातलं. मुलगी स्वप्नाली. शिक्षण बी. कॉम., मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. वडील मुंबईला कामाला, गावात आई, आणि सगळं बघणारे मामा. मामा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. मुलीनं फोटो बघून "या" म्हटलं होतं! आई तीन दिवस जमिनीला पाय न टेकता चालत होती.

"टेम्पोनंच जायचा," बाबांनी जाहीर केलं. "सोताची गाडी हाय, कळूंदे त्यांना."

"आणि गाडी मी चालवणार," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी आणखी एक शहाणपणा केला. रस्त्यात मोह होऊ नये म्हणून हॉर्नची वायरच काढून ठेवली. पाठीवर एक आणि पुढे दुसरंच, असला दुटप्पीपणा मला जमत नाही. (लग्नही जमत नव्हतं, पण त्याचा संबंध मी तेव्हा लावला नाही.)

दुपारी निघालो. पुढे आम्ही तिघं. मी स्टिअरिंगवर, मध्ये आई मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन, पलीकडे बाबा. बाबांच्या बाजूचा आरसा आदल्या आठवड्यात फणसाची फांदी लागून फुटला होता. माझ्या बाजूचा शाबूत होता. पण खिडकीतल्या वाऱ्यानं माझा भांग सारखा विस्कटत होता, म्हणून मी तो आरसा आत, माझ्याकडे वळवून घेतला. थोडक्यात, पाठीवर लिहिल्याप्रमाणे माझं आरशात पूर्ण लक्ष होतं.

हायवे संपेपर्यंत सगळं सुरळीत. मग आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. त्या वळणावर एक घुमटी आहे. तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर देवीला दोन छोटे हॉर्न देऊन पुढे जातो. एसटीवाले देतात, डंपरवाले देतात. बाबांनी तर उभा जन्म दिलेत. त्यांनी सवयीनं हात लांब करून हॉर्न दाबला. काही नाही. परत दाबला.

"वाजत का नाय?"

"मी वायर काढून ठेवलीय."

"मेल्या!" आई किंचाळली. "देवीच्या दारात गाडी मुकी करून आणलास? आजच्या दिवशी?"

"आई, देवीला हॉर्नशिवाय कळतं."

"तिला कळतंय रे. तुला कधी कळणार?" असं म्हणून आईनं पेढ्यांच्या बॉक्सवरूनच दोनदा हात जोडले.

तिथून मुलीचं गाव बारा किलोमीटर. रस्ता अरुंद, एका बाजूला दगडी गडगा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर. चरातली लाल माती सगळी रस्त्यावर. टेम्पो गेला की मागे तांबड्या धुळीचा नुसता लोट! मी अगदी वीसच्या वेगानं, सभ्यपणे चाललो होतो. मध्येच बाबा म्हणाले,

"पाठी कोन हाय काय बघ रे. साइड दे."

"कुणी असतं तर हॉर्न दिला असता की, बाबा!"

बाबा सावकाश म्हणाले, "पन तूच लिवलंस ना, वाजवू नका म्हनून?"

"लिहिलं म्हणून काय लोक लगेच ऐकतात?" मी म्हणालो.

(हे वाक्य माझंच आहे. मी नाकारत नाही.)

पुढे चार म्हशी रस्त्यात बसल्या होत्या. हॉर्न नाही. मी खिडकीतून "शुक शुक" केलं. एका म्हशीनं माझ्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवलं. मी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी बाबा उतरले आणि त्यांनी असा काही हाकारा घातला की म्हशीच काय, पलीकडच्या बागेत झोपलेला राखण्याही उठून उभा राहिला! त्या आवाजापुढे हॉर्न म्हणजे अंगाई होती. मग आम्ही निघालो. निघता निघता मागे काहीतरी हलकंसं टेकल्यासारखं वाटलं. मला वाटलं, खड्डा.

बारा किलोमीटरला आम्हाला पन्नास मिनिटं लागली.

मुलीच्या घरी पोचलो तर दारात तिची आई पदराला हात पुसत उभी. चेहरा उतरलेला.

"या, या, बसा. जरा थांबायला लागेल हां. मुलगी अजून यायचीय. आज कंपनीत सकाळची पाळी होती, सुट्टी नाय मिळाली. मामा स्कूटर घेऊन आणायला गेलेत. तुमच्या आधी येतो म्हणून फोन केलेला, काय झाला काय माहीत!"

"येतील हो," आई म्हणाली. "रस्ता किती वाईट!"

आम्ही पडवीत टेकतोय तोच अंगणात एक स्कूटर येऊन थांबली. स्कूटरवर दोन मूर्ती. दोन्ही नखशिखांत तांबड्या. पुढच्या मूर्तीनं हेल्मेट काढलं तर आत पांढरे केस आणि चष्मा, म्हणजे गुरुजी. मागच्या मूर्तीनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. स्कार्फाखालचा भाग गोरा, वरचा सगळा चिऱ्याच्या रंगाचा. ती स्वप्नाली.

वातावरण हलकं करावं म्हणून मी पुढे झालो आणि हसून म्हणालो, "रस्त्यात कुणी आडमुठा भेटला वाटतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग टेम्पोकडे पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं.

"भेटला ना," ती म्हणाली. "बी. ए. झालेला."

ती आत गेली. नंतर अर्धा तास मोरीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाबा छपराची कौलं मोजत होते. आईनं पेढ्यांचा बॉक्स माझ्या मांडीवर ठेवला, जणू तो माझ्या अपराधाचा पुरावा होता.

गुरुजी तोंड धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले. ते रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट होतं.

"मजकूर तुमचा?"

"हो, गुरुजी."

"उत्तम आहे. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं मी, लिहिलेलं पाळावं. म्हणून मी काही हॉर्न वाजवला नाही. स्वप्नाली मागून म्हणत होती, मामा वाजवा, मामा वाजवा. मी म्हटलं, पाटी वाचलीस ना? लक्ष आहे त्यांचं आरशात. देतील मार्ग."

"मग म्हशींपाशी तरी हाक मारायचीत!" आई कळवळून म्हणाली.

"मी उतरत होतो. पण खाली नाव-गाव वाचून हिला कळलं होतं, ही पाहुण्यांचीच गाडी. म्हणाली, या अवतारात नको." गुरुजींनी चष्मा पुसला. चष्म्यातून अजून माती निघत होती. "फक्त ती शेवटची ओळ काही केल्या वाचता येईना. शिक्षकाला अर्धवट सोडवत नाही हो. म्हणून म्हशी उठल्यावर मी जरा जवळ घेतली स्कूटर. अजून जवळ घेतली. आणि तुमचा टेम्पो निघताना थोडा मागे आला. टेकलो."

"लागलं का?" बाबा उठलेच.

"नाही, नाही. मडगार्ड चेपलंय. पण ओळ वाचून झाली." गुरुजी थांबले. "‘सुरक्षित अंतर ठेवा.’"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग पोहे आले आणि मागोमाग स्वप्नाली. साधा निळा ड्रेस, केस ओले. कानामागे थोडी लाल माती राहिली होती. ती मला फार आवडली. (माती नव्हे. तीही.) अशा कार्यक्रमात मुलानं मुलीला प्रश्न विचारायचे असतात, नोकरी कुठे, स्वयंपाक येतो का. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली,

"मी एक विचारू?"

"विचारा ना!"

"‘संयम ठेवा, मार्ग दिला जाईल.’" ती डोळे न मिटता, न अडखळता म्हणाली. "कधी?"

माझ्या घशात पोहा अडकला. आईनं पाठीत थापटी मारली. गरजेपेक्षा जरा जोरातच.

"तुमचं पाठांतर चांगलं आहे," मी कसाबसा म्हणालो.

"पन्नास मिनिटं समोर तेच होतं. आणि आरशाचं काय? आरशात लक्ष होतं ना तुमचं?"

"होतं," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही. "पण आरसा माझ्याकडे वळवलेला होता. भांग..."

आतून कोणीतरी हसलं. मग तिची आई हसली, मग गुरुजी. स्वप्नालीनं ओठ दाबून धरले होते, तेही सुटले. क्षणभर मला वाटलं, जमलं! हसली म्हणजे जमलं! बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते पुढे सरकले आणि अंगातलं सगळं बळ गोळा करून म्हणाले,

"गुरुजी, पोरगा चांगला हाय हो माझा. आमच्यात येवडा शिकलेला कोन नाय. गाडीचा सगळा माझा चुकला. मी म्हनालो होतो त्याला लिव म्हनून."

माझी चूक बाबा स्वतःच्या अंगावर घेत होते. बावीस वर्षं चिरे उचललेल्या माणसाला तेवढंही जड वाटलं नाही. मला मात्र त्या पडवीत प्रथमच माझ्या बी. ए.ची लाज वाटली, आणि मी मान खाली घालून उरलेले पोहे संपवले. पोहे चांगले होते, हेही खोटं सांगवत नाही.

निघताना बाबांनी टेम्पोची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. वायर जोडली. घुमटीपाशी आल्यावर एकदम सहा हॉर्न दिले. दोन जाण्याचे, दोन येण्याचे आणि दोन, आई म्हणाली, दंडाचे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. फोन मी स्पीकरवर टाकला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती आरतीला उभं राहावं तसे उभे राहिलो.

"मुलगी म्हणते, मुलगा मनानं चांगला आहे, सरळ आहे," गुरुजी म्हणाले. आईनं डोळे मिटले. "पण म्हणते, मी पन्नास मिनिटं त्याच्या मागून चालून बघितलं. जन्मभर जमेल असं वाटत नाही."

फोन ठेवल्यावर बाबा उठले. "चल, इकबालकडं जाऊया." इकबालभाईंनी माझं समाजप्रबोधन अर्ध्या तासात खरवडून काढलं आणि तिथे वीतभर उंचीच्या अक्षरांत "हॉर्न ओके प्लीज" लिहिलं. वर एक मोरही काढला, फुकट. मोर इतकी बारीक मान काढून बघत होता की मला वाटलं, तो माझीच कीव करतोय.

दिवाळीनंतर गुरुजींचा पुन्हा फोन आला. आई देव्हाऱ्याकडे धावली.

"प्रमोदराव, आनंदाची बातमी आहे. स्वप्नालीचं लग्न ठरलं. मुलगा जयगडला बंदरावर ट्रेलर चालवतो. शिक्षण बेताचं आहे, पण समोरच्याचं ऐकून घेतो हो! आता एक काम होतं. पत्रिकेचा मजकूर तुम्ही लिहून द्याल का? तुमच्यासारखं शुद्ध मराठी आमच्याकडे कोणी लिहीत नाही. स्वप्नालीच म्हणाली, त्यांना सांगा, लिहितात छान."

मी काही बोलायच्या आत आई देव्हाऱ्याकडून ओरडली, "दे, दे, लिहून दे मेल्या! तेवढाच तिच्या लग्नात तुझा हात लागू दे."

नाही म्हणायला मी काही कृतघ्न नव्हे. माणसानं आपल्या लेखनाचं कौतुक केलं की माझा जीव विरघळतो. त्याच संध्याकाळी खास नवं पेन आणून बसलो. उपदेश नाही, प्रबोधन नाही, सगळा मजकूर सहा ओळींत आटोपला. पत्रिका फार सुंदर झाली, असं दोन्हीकडचे पाहुणे म्हणाले. फक्त लिहिताना वराच्या नावापाशी येऊन पेन तीनदा बंद पडलं. मी दुकानदाराकडे तक्रारही केली. त्यानं पेन घेतलं, कागदावर फिरवलं, आणि ते असं काही झरझर चाललं की मी निमूटपणे आणखी एक विकत घेऊन घरी आलो.